नववा खड्डा

खांबाचा खड्डा काढणं हे काय मोठंसं काम, असं ज्याला वाटतं त्याने एकदा ट्रॅक्टरच्या मागे गिरमिट लावून बघावं. पहिल्याच खड्ड्यात सगळा तोरा मातीत जातो. छातीइतकं उंच ते लोखंडी गिरमिट ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला लटकलेलं असतं. इंजिनाच्या जोरावर ते फिरायला लागलं की नवशिक्याला वाटतं, आता सोडून द्यावं, जाईल आपोआप. आणि जातंच की! भसकन जमिनीत शिरतं, गळ्यापर्यंत रुततं आणि तिथेच बसतं. मग इंजिन बंद करून, पाना लावून, हाताने उलटं फिरवत ते बाहेर काढण्यात अर्धा दिवस निघतो.

ओळंब्याचं गिरमिट बावीस वर्षांत फक्त दोनदा अडकलं होतं, आणि दोन्ही वेळा झाडाच्या मुळात. त्याचं कागदावरचं नाव त्याच्या बायकोलाही थांबून आठवावं लागे. गवंडी ज्या ओळंब्याने भिंत सरळ आहे का ते बघतो, त्याच नावाने सगळे त्याला ओळखत, कारण त्याचा खड्डा सरळ असे. फिरत्या गिरमिटाचा दांडा खाली येताना कमानीत येतो, म्हणून खड्डा नकळत ट्रॅक्टरच्या बाजूला कलतो. ओळंबा खड्डा निम्म्यावर आला की ट्रॅक्टर चार बोटं पुढे घेई. फक्त चार बोटं. इतर लोक ते करत नाहीत आणि मग खांब तिरका का उभा राहतो म्हणून खांब करणाऱ्याला शिव्या देतात.

बाकी त्याची पद्धत साधी होती. इंजिन सावकाश ठेवायचं. गिरमिट वीतभर उतरवायचं, वर उचलून माती झटकायची, पुन्हा वीतभर उतरवायचं. जमीन दगडासारखी वाळली असेल तर आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवायचं. फिरत्या गिरमिटाजवळ कुणालाही उभं करायचं नाही, मग तो जागेचा मालक का असेना. गिरमिटाच्या मानेत एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. खाली दगड लागला की तो तुटतो आणि वरचा गिअरबॉक्स वाचतो. शहाणे लोक सारखा सारखा तुटतो म्हणून तिथे पक्का बोल्ट घालतात आणि मग गिअरबॉक्स टोपलीत भरून घरी नेतात. ओळंब्याच्या खिशात असे चार कच्चे बोल्ट कायम खुळखुळत असत.

पण खड्डा कुठे पाडायचा, हे मात्र त्याने बावीस वर्षांत एकदाही ठरवलं नव्हतं. ते काम दादाचं.

त्याचं असं झालं. दोघांचे वडील हातगिरमिटाने कुंपणं घालत. पुढे ट्रॅक्टर आला, दोघे भाऊ कामाला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांनी एकच रेष दोनदा मोजली आणि दोन मापं काढली. भर उन्हात, गिऱ्हाइकासमोर, दोघे टेप ओढत भांडले. वडिलांनी टेप काढून घेतला आणि सांगितलं, "दोरी थोरल्याची, खड्डा धाकट्याचा. थोरल्याने खड्ड्यात डोकवायचं नाही आणि धाकट्याने दोरीवर डोळा ठेवायचा नाही. जमत असेल तर एकत्र राहा." तेव्हापासून तसंच चाललं होतं. दादा पुढे जाऊन दोरी ताणे, दोरीखाली चुन्याचे ठिपके टाके आणि दोरी गुंडाळून घेई, कारण दोरी तशीच राहिली तर गिरमिट ती गिळून टाकतं. ओळंबा मागून ट्रॅक्टर घेऊन येई. मान मागे वळवलेली, नजर ठिपक्यावर. रेष कुठून निघाली नि कुठे चालली हे तो बघत नसे. बघायचं कारणच काय? रेष दादाची होती.

आणि दादा म्हणजे दादा! बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडातून 'नाही' निघायचं नाव नाही. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा घरात खोल्या दोनच होत्या. दादाने आपली खोली त्याला दिली आणि स्वतः बायकोसह वर्षभर पडवीत अंथरूण टाकलं. कधी बोलून दाखवलं नाही. दादावर शंका घ्यायची म्हणजे ओळंब्याच्या लेखी स्वतःच्या उजव्या हातावर शंका घ्यायची.

त्या वर्षी दादाने एक जागा घेतली. रस्त्याला लागून, लांबट, मागे एक जुनं झाड. तिथे दोघा भावांची शेड उभी करायची, वेल्डिंग, यंत्रांची दुरुस्ती, सगळं एका छपराखाली. शेजारचं घर बाईंचं. बाई म्हणजे नर्सबाई. दवाखान्यातून निवृत्त होऊनही त्यांना दहा वर्षं झाली होती. भावांची आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बाई रोज सकाळी येऊन तिच्या पाठीच्या जखमा धुऊन जात. आठ महिने. दारातून आल्या की आधी ओळंब्याला विचारत, "तू काही खाल्लंस का रे?"

दोन जागांच्या मध्ये लाकडी खांबांचं जुनं कुंपण होतं, भावांच्या वडिलांनी घातलेलं, ओळंब्याने त्यांच्या हाताखाली खड्डे काढलेलं. ते आता कुजलं होतं. दादा बाईंना म्हणाला, नवं सिमेंटच्या खांबांचं घालू, खर्च माझा. बाईंना मुलीकडे आठ दिवस जायचं होतं. निघताना त्या ओळंब्याच्या ट्रॅक्टरजवळ थांबल्या.

"खड्डे तूच काढणार ना?"

"मीच, बाई. दुसरं कोण काढणार?"

"मग झालं. मी कशाला थांबू उन्हातान्हात?" म्हणाल्या, आणि पिशवी काखेत मारून गेल्या.

तो आला तेव्हा दादाने जुने खांब उपटून, जमिनीवर फळी फिरवून सगळं सपाट करून ठेवलं होतं. चुन्याचे बत्तीस ठिपके मागच्या झाडापासून रस्त्यापर्यंत एका रांगेत बसले होते. ओळंब्याने ट्रॅक्टर झाडाशी लावला, जमीन कुठे कलते ते पाहिलं, गिरमिट दोन बाजूंनी बघून उभं केलं आणि पहिला खड्डा घेतला. माती वर आली तीच विटांचे तुकडे घेऊन. त्याला हसू आलं. लाकडी खांब घट्ट बसावा म्हणून वडील खड्ड्यात विटांचे तुकडे ठासत, आणि ते तुकडे फोडायचं काम त्याचं असे. बरोबर, हा जुना कोपरा.

जुने खांब आठ आठ फुटांवर होते, नवे सहा सहा फुटांवर. म्हणजे दर चोवीस फुटांनी नवा खड्डा जुन्याच खड्ड्यावर पडायला हवा. पहिला, मग पाचवा, मग नववा, मग तेरावा. हे त्याने मोजून काढलं नाही. ज्याने जन्मभर खड्डेच काढले त्याला ते चालता चालता कळतं. पाचवा खड्डा घेतला तेव्हा विटा आल्या, पण एकाच बाजूने, दादाच्या जागेच्या बाजूने. दुसऱ्या बाजूची माती कोरी होती. तो जरा थबकला. पुढे गेला.

नववा खड्डा सगळाच कोरा निघाला. पिवळट, घट्ट, चिकट माती, जिला आजवर कुणी हात लावला नव्हता. वीटही नाही, कुजकं लाकूडही नाही. गिरमिट कण्हत खाली जात होतं. पहिल्यात पूर्ण, पाचव्यात अर्धं, नवव्यात काहीच नाही. म्हणजे रेष झाडापाशी खरी होती आणि तिथून थोडी थोडी बाईंच्या अंगाला सरकत चालली होती.

त्याने गिरमिट वर घेतलं, इंजिन बंद केलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मान पुढे करून रस्त्याकडे पाहिलं. ठिपके इतके सरळ होते की कुणाची छाती होणार नाही त्यांना तिरकं म्हणायची. फसवायचं असेल तर असंच फसवावं लागतं, सरळ रेषेत.

दादा सावलीत चहा ओतत होता.

"दादा, जुने खड्डे लागत नाहीत रे."

"कसे लागतील? बाबांनी वरवरच गाडले होते. म्हणून तर कुजले."

"बाबांनी? वरवर?"

"तू ट्रॅक्टर बघ," दादा हसून म्हणाला आणि कप पुढे केला. "दोरी मी बघतो."

वडील एकही खांब अडीच फुटांपेक्षा कमी खोल गाडत नसत, हे दोघांनाही ठाऊक होतं. ओळंब्याने चहा घेतला. कप परत दिला. मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि दहावा खड्डा घेतला. का घेतला? त्याला विचारलं तर तो सांगेल, दादा म्हणाला म्हणून. पण त्या दिवशी त्याने ट्रॅक्टर चार बोटं पुढे घेताना एकदाही चूक केली नाही. बत्तीसच्या बत्तीस खड्डे आरशासारखे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांत खांब उभे राहिले, काँक्रीट पडलं, आणि रस्त्याच्या टोकाला दादाच्या फाटकातून ट्रक वळायला सहा फूट जागा जास्त झाली.

घरी बायकोने विचारलं, "जेवण का जात नाही?" त्याने सांगून टाकलं. ती ताट तसंच ठेवून बसली.

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं की हो!"

"दादाने काहीतरी विचार केला असेल. बाईंशी बोलला असेल."

"मग विचारा ना भावजींना."

तो उठून हात धुवायला गेला. विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की बावीस वर्षांचा दादा जाणार. एवढं साधं होतं ते.

बाई आल्या. दोन दिवसांनी ओळंबा शेडच्या पायाचं काम बघायला गेला, तर त्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एक डोळा मिटून कुंपणाकडे बघत होत्या. मग दुसरा मिटून.

"ये रे. खांब छान लावलेत हं. तुझ्या हातचे, बघायलाच नको. पण मला एक सांग, माझी भिंत आणि कुंपण पूर्वी जोडीने जायची ना? आता मला रस्त्याकडे बोळ चिंचोळा दिसतो."

ओळंबा खांबावर सांडलेलं सिमेंट नखाने खरवडू लागला.

"शेजारीण म्हणते, मोजून घ्या. मी म्हटलं, वेडी का काय! खड्डे याने काढलेत. नजरच गेली असेल माझी. वय झालं."

"दाखवून घ्या बाई डोळे," तो म्हणाला. हे शब्द आपल्याच तोंडातून गेले हे त्याला घरी पोचल्यावर खरं वाटलं.

बाईंनी खरंच दाखवून घेतले. बसने शहरात गेल्या, डोळ्यांत थेंब घालून तीन तास बाकावर बसल्या, संध्याकाळी कुणाचा तरी हात धरून परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हाक मारली. चेहरा उतरला होता.

"डॉक्टर म्हणतात डोळे चांगले आहेत. वयाच्या मानाने उत्तमच आहेत म्हणे." त्या हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "मग हे डोक्याचं असेल का रे? माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी जागा ओळखू येईनात, मग माणसं."

त्या घाबरल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी न डगमगता बघितलेली बाई कुंपणाच्या एका रेषेपायी स्वतःच्या डोक्याला घाबरली होती, आणि तरीही तिच्या मनात ओळंब्याबद्दल शंका आली नव्हती. त्याला तिथे उभं राहवेना. तो तसाच तडक दादाकडे गेला.

दादा शेडच्या खांबाला पट्टी लावत होता.

"दादा, तू रेष सरकवलीस."

दादाने पट्टी खाली ठेवली. नाकारलं नाही. तेवढं तरी नाकारायला हवं होतं, असं ओळंब्याला क्षणभर वाटून गेलं.

"सहा फूट. ट्रक वळत नव्हता रे. त्या बोळात बाई काय करतात? दोन कुंड्या ठेवतात. त्यांच्यानंतर ते घर विकलंच जाणार आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खड्डे काढले असतेस?"

"नाही."

"मग?" दादा जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. तोच हात, तोच आवाज. "हे बघ, दुसरा कुणी ट्रॅक्टरवाला आणला असता तर बाईंनी पहिल्या दिवशी मोजणीवाले बोलावले असते. तू होतास म्हणून त्या निवांत गावाला गेल्या. शेड काय माझ्या एकट्याची आहे? तुझीही आहे."

ओळंब्याने तो हात खाली काढला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, दादाने बाईंची जमीन चोरली आणि हे त्याला कळू दिलं नाही. तसं नव्हतं. दादाने आधी त्याला चोरलं होतं. बावीस वर्षं चार चार बोटं सरकवून त्याने जे नाव कमावलं होतं, ते दादाने त्याला न विचारता उचललं आणि बाईंच्या डोळ्यांवर बांधलं. केसाने गळा कापला, तोही लाडाने. परक्याने असं केलं असतं तर ओळंबा त्याच्या अंगावर धावून गेला असता. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तू मला वापरलंस, दादा."

"आणि तुला कळलं नव्हतं?" दादाचा आवाज आता बदलला. "विटा लागत नाहीत म्हणून चहाच्या वेळी विचारायला आलास ना? मग परत ट्रॅक्टरवर का चढलास? मी फक्त चुना टाकला. चुना पावसात वाहून जातो. खड्डे कुणी पाडले?"

यावर ओळंब्याकडे एकच उत्तर होतं. ते त्याला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रॅक्टर काढला. रस्त्याच्या टोकाला, दादाच्या फाटकाच्या ऐन मध्ये, नव्या खांबापासून सहा फूट आत तो थांबला. गिरमिट उभं केलं. दादा धावत आला, ट्रॅक्टरसमोर उभा राहिला, मग गिरमिट फिरायला लागल्यावर बाजूला झाला, कारण फिरत्या गिरमिटाजवळ उभं राहायचं नाही हे त्यालाही वडिलांनीच शिकवलं होतं. आवाजाने बाई अंगणात आल्या. ओळंब्याने वीतभर उतरवलं, उचललं, माती झटकली. पुन्हा उतरवलं. तिसऱ्या वेळेला माती भुसभुशीत लागली आणि विटांचे तुकडे, कुजक्या लाकडाची सालं, गंजलेला खिळा असं सगळं वर आलं.

त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"बाई, तुमचं कुंपण इथे होतं," तो म्हणाला. "तुमचे डोळे ठीक आहेत. डोकंही ठीक आहे. रेष सरकवलेली आहे. दादाने दोरी सरकवली आणि खड्डे मी काढले."

बाई नव्या कुंपणापाशी आल्या. मातीकडे पाहिलं, मग नव्या खांबांच्या रांगेवरून पार झाडापर्यंत नजर नेली. दादाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दादाकडून त्यांची अपेक्षाच नव्हती बहुतेक. त्यांनी सुटकेचा एक लांब श्वास सोडला, आणि ओळंब्याला वाटलं, झालं, सुटलो आपण.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला अजून जागा होती. काल कळलं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? दादाही खाली मान घालून उभा होता, तो काही बोलला नसता. उलट त्यालाही तेच हवं असावं.

"नवव्या खड्ड्याला."

"एकूण किती?"

"बत्तीस."

बाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. दवाखान्यात औषधाचे थेंब मोजत तशी, ओठ हलवत.

"म्हणजे तेवीस खड्डे तू माहीत असताना काढलेस."

"हो."

"आणि मी बाकावर डोळे मिटून बसले होते, तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो, बाई."

त्याला सांगायचं होतं की मलाही फसवलं, मलाही न सांगता आणलं, माझाही सख्खा भाऊ आहे तो. पण तेवीस खड्ड्यांच्या अलीकडे उभं राहून ते बोलायची सोय राहिली नव्हती. त्या नऊ खड्ड्यांपुरताच तो फसवला गेला होता, आणि तेवढ्याची दाद आता तो कुणापाशी मागणार?

"खांब काढून पुन्हा जुन्या रेषेवर लावतो मी," तो म्हणाला. "दोन दिवसांत. एकट्याने. दोरीही मीच लावतो."

"नको," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. जखम बांधून झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जायला सांगताना असायचा तसा तो आवाज होता. "मी मोजणीवाले बोलावते. खड्डे काढायलाही माणसं बघते दुसरी. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात चार मजूर पहारी घेऊन आले आणि त्यांनी जुन्या रेषेवर हाताने खड्डे खणले. बाई दिवसभर छत्री घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्डा मोजून घेत होत्या. ओळंबा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. मजुरांचे खड्डे वेडेवाकडे निघत होते, एक तर चांगलाच कललेला होता. सांगावंसं त्याला फार वाटलं, पण तो रस्ता ओलांडून गेला नाही.